कुणाची डावी बाजू

माझी धाकटी बहीण घडी करून ठेवता येणारे हातमाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे असं सांगितलं, की लोकांना वाटतं ती विणते. ती विणत नाही. तिला साधं बटण लावता येत नाही. तिच्या कोटाची बटणं आजही मीच लावून देते. ती लिहिते. कारखान्यातून माग सुटा सुटा, खोक्यात भरून बाहेर पडतो. त्या खोक्यात सगळ्यात वर बारा पानांचं एक माहितीपत्रक असतं. कुठला तुकडा कुठे बसवायचा, कुठला बोल्ट आधी आवळायचा आणि कुठला सैल ठेवायचा, हे सगळं त्यात असतं. ते पत्रक तिचं. अकरा वर्षांपूर्वी तिनं ते पहिल्यांदा लिहिलं आणि तेव्हापासून कारखान्यात तिला सगळे पत्रकबाई म्हणतात. मी मात्र धाकटीच म्हणते, आता ती चोपन्न वर्षांची झाली तरी.

तिचा नवरा अकाली गेला तेव्हा ती माझ्याकडे राहायला आली, आणि महिन्याभरात माझ्या दोन खोल्यांत जागोजागी चिठ्ठ्या लागल्या. गीझरवर: ‘आधी नळ, मग बटण.’ दाराच्या आतल्या बाजूला: ‘किल्ली, चष्मा, पिशवी.’ मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकून निवृत्त झालेली बाई, आणि माझ्याच घरात गीझर कसा लावायचा ते मला भिंतीवर वाचायला लागलं. पण एक कबूल करते. तिच्या चिठ्ठीप्रमाणे केलं की काम बरोब्बर व्हायचं. याचा तिला अभिमान होता. तो किती, ते मला गेल्या वर्षी कळलं.

एका सोमवारी कारखान्यात एका गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका होत्या. एकट्या राहायच्या. आयुष्यभर विणायचं मनात होतं, आता वेळ मिळाला म्हणून त्यांनी माग घेतला होता, आणि खोली लहान म्हणून मुद्दाम घडीचा घेतला होता.

“माग उभा राहिला,” त्या म्हणाल्या, “पण घडी होत नाही. आणि पुढचा रूळ धरत नाही. सूत ताणलं की परत सैल पडतं.”

“पान चार पुन्हा वाचा,” धाकटी म्हणाली. “आणि मग पान सहा.”

मंगळवारी पुन्हा फोन. सगळा माग सोडून, पान चार आणि सहा वाचून, पुन्हा जोडला होता. तेच. बुधवारी तेच, तीनदा. गुरुवारी धाकटी सुट्टीवर होती म्हणून शुक्रवारी चारदा. कारखान्यात त्या बाईंना ‘फोनवाल्या सिस्टर’ असं नाव पडलं. माग बनवणारे थोरले मिस्त्री म्हणाले, “काही लोकांच्या हातात हातोडी देऊच नये.” मालक म्हणाले, “आजवर इतके माग गेले, एवढ्या एकीलाच कसं जमत नाही?” धाकटीनं मान डोलावली. तिलाही तसंच वाटत होतं.

पण सिस्टर काही हटायला तयार नव्हत्या. नवव्या फोनला त्यांचा आवाज अगदी शांत झाला होता. त्या म्हणाल्या, “बाई, मला एवढंच सांगा. हे जे तुम्ही लिहिलंय, ते वाचून तुम्ही स्वतः कधी माग जोडलाय का?”

त्या संध्याकाळी धाकटी घरी आली ती तणतणतच. पिशवी खुर्चीवर आपटली.

“अकरा वर्षं लिहितेय मी! अकरा! आणि ही बाई मला विचारते, जोडलाय का!”

“मग?” मी विचारलं. “जोडलायस?”

“ताई, तू कुणाच्या बाजूची आहेस?”

“मी विचारतेय फक्त.”

ती ओट्यापाशी गेली. भाजी चिरायला घेतली आणि ती इतकी बारीक चिरली की शिजवायला काही उरलंच नाही. जेवताना म्हणाली, “मी मिस्त्रींच्या शेजारी उभी राहून एकेक पायरी लिहून घेतलीय. ते जोडायचे, मी लिहायची. याहून नीट कसं लिहायचं?”

म्हणजे जोडला नव्हता.

शनिवारी तिनं मालकांच्या मागे लागून गोदामातला एक माग घरी आणला. टेम्पोवाल्यानं खोकं तळमजल्यावर ठेवलं आणि पाठ दुखते सांगून निघून गेला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. खोकं जिन्याच्या वळणावर वळेना. शेवटी खालीच फोडलं आणि तुकडे हातात घेऊन आम्ही दोघी सात खेपा चढलो. माझे गुडघे तेव्हापासून जे बोलायला लागले ते अजून बोलताहेत.

रविवारी सकाळी पलंग उभा करून भिंतीला लावला आणि जागा केली. मी खुर्चीत बसून पत्रक वाचायचं, तिनं जोडायचं, असं ठरलं.

“‘सर्व भाग जमिनीवर मांडून घ्या,’” मी वाचलं.

“मांडले.”

“‘डावी चौकट उभी करून तिच्या वरच्या भोकात लांब बोल्ट सरकवा. आवळू नका.’”

“सरकवला.”

“‘आवळू नका.’”

“ताई, एकदा वाचलंस ना?”

“दोनदा लिहिलंयस. मी फक्त वाचतेय.”

पहिला तास असा गेला. तुकडे चांगल्या लाकडाचे, वजनदार. एक चौकट तिनं धरली की दुसरी कलंडायची. पत्रकाच्या पहिल्या पानावर ‘दोन माणसे आवश्यक’ असं होतं. ते तिनं लिहिलं तेव्हा दुसऱ्या माणसाच्या हातात पत्रक असेल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. मग मी पत्रक खुर्चीवर उघडं ठेवून चौकट धरायची आणि मान वाकडी करून वाचायची. दुपारी एक वाजता माग उभा राहिला. रूळ बसले, मधली चौकट बसली, खाली पायपट्ट्या लटकल्या. खरंच देखणा दिसत होता. धाकटीनं कपाळ पुसलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच ती फोनवाली सिस्टर.

“आता घडी कर,” मी म्हटलं.

मागची बाजू वर उचलून आत दुमडायची असते. तिनं उचलली. वीतभर वर आली आणि खट्ट करून अडली. तिनं जोर लावला. अडली. रुळाच्या टोकाला एक दातेरी चाक असतं, रूळ उलटा फिरू नये म्हणून. चौकट बरोबर त्या चाकावर जाऊन आपटत होती. आणि त्या चाकानं तरी काम करावं? पुढच्या रुळाला एक दोरी गुंडाळून तिनं ताणली, तर चाकाची खिट्टी दातावर टेकायच्या ऐवजी बाहेरच लोंबत राहिली आणि दोरी भरकन सुटली.

सिस्टर जे नऊ वेळा सांगत होत्या, अगदी तेच.

“तू एखादी ओळ गाळलीस,” ती म्हणाली.

“मी काही गाळलं नाही.”

“पान सहावर गाळलीस. सोड सगळं. पुन्हा.”

पुन्हा सोडला, पुन्हा जोडला. या वेळी प्रत्येक ओळ मी बोट ठेवून वाचली. संध्याकाळी पाच वाजता पुन्हा तेच खट्ट. तिच्या अंगठ्याची सालं निघाली होती. तिनं पाना जमिनीवर टाकला आणि म्हणाली, “वाचण्यातच काहीतरी गडबड आहे.” मी म्हटलं, “तीस वर्षं मी लोकांना नंबर वाचून दाखवले, एकाचा चुकला नाही.” त्यावर ती जे बोलली ते इथे सांगत नाही. त्यानंतर आम्ही दोघी बोललो नाही. माग तसाच उभा राहिला. त्याच्यामुळे न्हाणीघराचं दार अर्धंच उघडायचं. सोमवारी रात्रीपर्यंत मी अंग चोरून आत जात होते आणि तीही. पण चकार शब्द काढला नाही.

सोमवारी तिनं मिस्त्रींना गाठलं. “माझ्यासमोर एक जोडून दाखवा. हळू.”

मिस्त्रींनी वीस मिनिटांत जोडला. पत्रकाकडे ढुंकूनही बघितलं नाही. ती शेजारी उभी राहून पत्रकातली एकेक ओळ पडताळत होती. डावी चौकट, डावीकडे. लांब बोल्ट, वरच्या भोकात. सगळं जसं लिहिलंय तसंच. शेवटी त्यांनी मागची बाजू दोन बोटांनी उचलली, आणि माग छत्रीसारखा मिटला.

“मग माझ्या हातून का नाही होत?” तिनं विचारलं.

“बाई, याला हात लागतो,” मिस्त्री म्हणाले. “हे लिहून थोडंच येतं?”

हे तिला फार लागलं. तिच्या अकरा वर्षांच्या कामावर मिस्त्रींनी एका वाक्यात बोळा फिरवला होता. त्या रात्री जेवताना तिनंच अबोला सोडला. “बुधवारी मी त्या सिस्टरांच्या घरी जाणार आहे,” ती म्हणाली, “आणि तू बरोबर येणार आहेस.”

“मी कशाला?”

“दोन माणसे आवश्यक.”

सिस्टरांचं घर म्हणजे एकच खोली आणि मागे छोटं स्वयंपाकघर नि न्हाणीघर. दार त्यांनीच उघडलं. बुटक्या, ठणठणीत, केस आखूड कापलेल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, पण हसूही नव्हतं. खोलीत मागानं सगळी जागा व्यापली होती. त्याच्या एका अंगाला पलंग आणि दुसऱ्या अंगाला कपड्यांचं कपाट, आणि कपाटाचं दार मागाला अडून बंद.

“घडी होत नाही, म्हणून माग सरकत नाही. माग सरकत नाही, म्हणून कपाट उघडत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “नऊ दिवस, बाहेर वाळत असलेले तेवढे दोन कपडे मी आलटून पालटून घालतेय.”

दाराच्या खुंटीवर ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, सुताची एक लांब जुडी टांगलेली होती. निळ्या रंगाची, ठिकठिकाणी दोऱ्यानं बांधलेली. मागावर चढवायची म्हणून त्यांनी आधीच मोजून तयार ठेवली होती.

धाकटीनं घसा साफ केला. “आपण सगळा सोडून पुन्हा जोडू या. तुम्ही ज्या पद्धतीनं जोडता, तसाच जोडा. मला बघायचंय तुमचं कुठं चुकतंय.”

“माझं,” सिस्टर म्हणाल्या. एवढंच.

सोडायला अर्धा तास गेला. मग सिस्टर पलंगाच्या कडेला स्टुलावर बसल्या, विणणारी बसते तिथे, कारण खोलीत माणसाला बसायला तेवढीच जागा होती. धाकटी कपाटाला पाठ लावून पलीकडे उभी राहिली. मी दारात पत्रक घेऊन.

“‘डावी चौकट उभी करा,’” मी वाचलं.

सिस्टरांनी एक चौकट धरली. त्याच क्षणी धाकटीनं दुसरी धरली.

“अहो, डावी,” धाकटी म्हणाली.

“डावीच धरलीय.”

“ती उजवी आहे! ही डावी.”

“बाई, मी रुग्णालयात पस्तीस वर्षं काढली. डावा हात कुठला ते मला कळतं.” आणि त्यांनी आपला डावा हात वर केला.

धाकटीनंही आपला डावा हात वर केला, चिडून, त्यांना दाखवायला. दोघी मागाच्या दोन बाजूंना समोरासमोर, एकेक हात वर करून. एकीचा हात खिडकीकडे, दुसरीचा दाराकडे. मी दारातून बघत होते. मला हसू आलं होतं, पण धाकटीचा चेहरा बघून ते गिळलं.

तिनं हात हळूहळू खाली घेतला. माझ्या हातातून पत्रक ओढून घेतलं आणि पानं उलटायला लागली. पान दोन, तीन, चार. मग सात, आठ. मग पुन्हा दोन. नंतर ती मागाला वळसा घालून सिस्टरांच्या बाजूला आली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि मटकन पलंगावर बसली.

“मिस्त्री मागच्या बाजूला उभे राहून जोडतात,” ती म्हणाली. “त्यांच्या कामाच्या जागी मागाची पुढची बाजू भिंतीकडे असते. मी त्यांच्याच शेजारी उभी राहून लिहिलं. पहिल्या सहा पानांतली डावी ही त्यांची डावी. परवासुद्धा मी तिथेच उभी होते. घरी मात्र मी पुढच्या बाजूनं जोडला.”

“आणि पुढची पानं?” मी विचारलं.

“धागे ठोकायची फणी आणि पायपट्ट्या यांची पानं मी चाचणीला बसणाऱ्या विणकरणीला विचारून लिहिली. ती पुढे बसते. तिथून पुढची डावी ही तिची डावी.”

“मग अकरा वर्षं लोक जोडत कसे होते?” सिस्टरांनी विचारलं.

“जुन्या मागाच्या दोन्ही चौकटी सारख्याच होत्या. कुठलीही कुठेही लावली तरी चालायची. गेल्या वर्षी घडीसाठी नवं चाक आणि त्याची खिट्टी आली, ती एकाच बाजूला. तेव्हापासून…” ती थांबली. “इतर लोकांनी दोनतीनदा उलटंपालटं करून बघितलं असणार, आणि जमलं असणार. तुम्ही मात्र मी लिहिलं तसंच करत राहिलात.”

“लिहिलेलं पाळायची सवय आहे मला,” सिस्टर म्हणाल्या. “औषध कोण आपल्या मनानं देतं?”

मग धाकटी म्हणाली, “चूक माझी आहे.” तिला असं म्हणताना मी आयुष्यात फार वेळा ऐकलेलं नाही.

“हेच पहिल्या फोनला म्हणाला असतात,” सिस्टर म्हणाल्या, “तर माझे कपडे तरी मिळाले असते.”

पण काम तेवढ्यावर संपलं नाही. सहा वेळा आवळून-सोडून एका भोकाचं लाकूड झिजलं होतं. स्क्रू गोल गोल फिरायचा आणि धरायचा नाही. धाकटीनं कपाळावर हात मारला. सिस्टर स्वयंपाकघरात गेल्या आणि घसा तपासायच्या त्या पातळ लाकडी पट्ट्यांची पुडी घेऊन आल्या. एक पट्टी उभी मोडली, तिची चीर गोंद लावून भोकात ठोकली, वरून स्क्रू पिळला. बसला.

दीड वाजता धाकटीनं मागची बाजू उचलली. बाजू वर आली, चाकाच्या शेजारून अलगद गेली आणि आत मिटली. सिस्टरांनी मिटलेला माग ढकलून बाजूला लोटला, कपाट उघडलं, त्यातून एक परीटघडीचा पिवळा कुडता काढला आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा पहिल्यांदा हसल्या.

मग ताणा. नऊ दिवस खुंटीवर लोंबून त्या निळ्या सुताचा पार गुंता झाला होता. सिस्टर पुढून ओढत होत्या, मी जुडी धरून होते, आणि धाकटी मधे एकेक धागा सोडवत होती. पाऊण तासानं ती म्हणाली, “हे पत्रकात कुठेच नाही.” “नाहीच,” सिस्टर म्हणाल्या. “मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल म्हणून लिहिलं नसेल.”

दुसऱ्या दिवशी ती मालकांकडे गेली, पत्रक पुन्हा छापायचं म्हणून. मालकांनी गोदामातल्या गठ्ठ्यांकडे बोट दाखवलं. “तीन हजार प्रती आहेत. त्या संपू देत. तोवर चूक दुरुस्तीची एक चिठ्ठी टाका.” तिनं चिठ्ठी टाकली: ‘मागावर बसल्यावर जो तुमचा डावा हात, ती डावी बाजू. पहिल्या सहा पानांत डावी तिथे उजवी वाचा.’ पंधरा दिवसांत चार फोन आले. चिठ्ठी प्लास्टिकच्या वेष्टनाबरोबर कचऱ्यात जात होती. मग ती रोज सकाळी अर्धा तास आधी जाऊन चौकटींच्या लाकडावरच पेन्सिलनं लिहायला लागली: ‘बसणाऱ्याची डावी’, ‘बसणाऱ्याची उजवी’. मिस्त्री भडकले. “माझ्या पॉलिशवर शाईबिई चालणार नाही!” पेन्सिल आहे म्हटलं, तर म्हणाले पेन्सिलही नाही. शेवटी चौकटीच्या खालच्या कडेला, जिथे पॉलिश लागत नाही, तिथे लिहायचं असा तह झाला. त्यासाठी तिला प्रत्येक चौकट उलटी करावी लागते. संध्याकाळी घरी येते ती कंबर धरून.

फोन कमी झाले, हे मात्र खरं. सिस्टरांचे अजून येतात, पण आमच्या घरी, आणि बहुतेक रविवारी. धागा सारखा तुटतो, कड आत ओढली जाते, काय करू? धाकटी वैतागून म्हणते, “सिस्टर, मला विणता येत नाही!” आणि मग अर्धा तास त्यांच्याशी बोलत बसते.

परवा ती पुन्हा तशीच तणतणत आली. पिशवी पुन्हा खुर्चीवर. मिस्त्रींनी कुणाला न सांगता चाकाची खिट्टी दोन बोटं वर सरकवली होती. तिला ते कळलं एका गिऱ्हाइकाच्या फोनवरून.

“मिस्त्री काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणाले, एवढं काय त्यात, हात लागतो.”

“आणि मालक?”

“चिठ्ठी टाका म्हणाले.”

तिनं हात धुतले, पाणी प्यायली आणि माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली की तिनं दोघांनाही सांगून टाकलंय, यापुढे नवा बदल झालेला माग ती स्वतः बसणाऱ्याच्या बाजूनं, पत्रक वाचून जोडल्याशिवाय खोक्यात जाणार नाही. मालकांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मिस्त्री चहाला निघून गेले.

“मग उद्या वाचायला कोण आहे?” मी विचारलं.

ती माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिली.

“कारखाना तळमजल्यावर आहे, ताई,” ती म्हणाली. “आणि खुर्ची देईन मी.”